घनता चांगली, मग हाड मोडलं कसं?

प्रश्न : आईचं वय ६६. गेल्या महिन्यात अंगणात सडा घालताना पाय घसरला, तळहातावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढल्यावर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली. कमरेचा टी स्कोअर उणे १.९ आला. "हा ऑस्टिओपोरोसिस नाही, हाडं जरा विरळ झालीत इतकंच, कॅल्शियम चालू ठेवा," असं सांगितलं. मग एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं कसं? मशीन चुकलं असेल का? दुसरीकडे पुन्हा करून घेऊ? (एक वाचक, कराड)

उत्तर : पुन्हा करू नका, ते पैसे वाचवा. मशीनने त्याला जे मोजता येतं ते नीट मोजलं आहे. आपण त्या एका आकड्याकडून फार मागतो, अडचण तिथे आहे.

टी स्कोअरमधली उणे २.५ ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ साली आखली. तरुण निरोगी स्त्रीच्या सरासरीपेक्षा तुमचं हाड किती विरळ आहे ते मोजायचं, आणि या रेघेवर किंवा तिच्या खाली असलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणायचं. अशी काहीतरी रेघ हवीच होती, नाहीतर औषध कुणाला द्यायचं हेच ठरलं नसतं. पण उणे २.४ चं हाड मजबूत आणि २.६ चं कमकुवत असं कधीच नव्हतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात पंचावन्नच्या पुढच्या हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा मणके सोडून इतर हाडं मोडलेल्या बायकांपैकी फक्त ४४ टक्के उणे २.५ च्या खाली होत्या. पुरुषांत हे प्रमाण २१ टक्के होतं. म्हणजे ज्यांची हाडं मोडली त्यातल्या निम्म्याहून अधिक माणसांना तुमच्या आईसारखंच "तुम्हाला ऑस्टिओपोरोसिस नाही" असं सांगता आलं असतं.

डेक्सा मशीन क्ष-किरणांची सावली मोजतं. दर चौरस सेंटीमीटरमागे खनिज किती, एवढंच त्यातून कळतं. ते खनिज कसं रचलं आहे हे त्या आकड्यात येत नाही. मांडव डोळ्यांसमोर आणा. उभे बांबू आणि त्यांना जखडून ठेवणारे आडवे बांबू. मणक्याच्या आत अशीच जाळी असते. आता आडव्यांपैकी एक आड एक काढून टाका. मांडवाचं वजन थोडंसंच कमी होईल. पण उभ्या बांबूची आधाराविना लांबी दुप्पट झाली की तो वाकायला पूर्वीच्या चौथा हिस्सा जोर पुरतो. बाईची पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाड खाणाऱ्या पेशी जोरात येतात आणि जाळीतल्या पातळ आडव्या पट्ट्या आरपार तोडतात. तुटलेली पट्टी परत जोडली जात नाही, कारण नवं हाड बसवायला खाली आधारच उरलेला नसतो. पुरुषांत पट्ट्या बारीक होतात, पण बऱ्याच टिकून राहतात.

शिवाय हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. मी शिकवत होते तेव्हा दरवर्षी नव्या मुलांसमोर कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं ठेवायचे. एक आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवलेलं, दुसरं शेगडीच्या निखाऱ्यात भाजलेलं. दोन्हींचा आकार जसाच्या तसा. पहिल्यातलं खनिज निघून गेलेलं, ते रबरासारखं वाकायचं, त्याला गाठसुद्धा मारता यायची. दुसऱ्यातलं कोलॅजन, म्हणजे प्रथिनांचे धागे, जळून गेलेले. ते बोटांत धरून दाबलं की भुगा. खनिजाने हाड ताठ राहतं आणि धाग्यांमुळे ते धक्का सोसतं. ते धागे कसे आहेत, जाळी किती शाबूत आहे, बारीक भेगा वेळेवर बुजतात का, जुनं हाड जाऊन नवं कोणत्या वेगाने येतं, या सगळ्याला मिळून आम्ही हाडाची गुणवत्ता म्हणतो. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेत ऑस्टिओपोरोसिसची व्याख्याच बदलली. हाडाची ताकद म्हणजे घनता आणि गुणवत्ता, दोन्ही मिळून.

आता तुमच्या आईंचं. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं हाच एक रिपोर्ट आहे, आणि माझ्या मते तो उणे १.९ पेक्षा मोठा आहे. त्यांच्या डॉक्टरांना भेटून तीन गोष्टी विचारा. एक, पाठीच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढता येईल का; मणके बहुतेक वेळा गाजावाजा न करता चेपतात आणि कंबरदुखीच्या नावाखाली खपून जातात. दोन, फ्रॅक्सची आकडेमोड. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ पासून ती खुली केली आहे, तिच्यात भारताचा वेगळा हिशेब आहे. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड घेतलं आहे का, हे सगळं ती धरते आणि पुढच्या दहा वर्षांचा धोका सांगते. तीन, डेक्साच्या त्याच चित्रावरून जाळीचा पोत वाचणारं ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते तुमच्या केंद्रात आहे का. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंड यांच्या रक्ततपासण्याही हव्यात. हे सगळं पाहून कदाचित औषध सुरू करावं लागेल. "ऑस्टिओपोरोसिस नाही" हे वाक्य ऐकून घरी बसू नका.

आणि आईंची उंची मोजा. हे मी कळकळीने सांगते. माझी आई साठीनंतर रोज सकाळी कुरकुरायची, "हल्ली निऱ्या लोळतात गं." मी हाडांची डॉक्टर, आणि मी तिला म्हणायचे, "जरा वर खोच." वर्षभराने खोकल्यासाठी छातीचा फोटो काढला, त्यात दोन मणके चेपलेले दिसले. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर वडिलांनी एका दिवाळीला सगळ्यांच्या उंचीच्या रेघा मारल्या होत्या, तिचीही होती. तिला त्या रेघेला टेकून उभं केलं. पाच सेंटीमीटर कमी. तिची साडी मला रोज सांगत होती आणि मी ऐकलं नाही. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त उंची घटली असेल तर मणक्यांचा फोटो काढायलाच हवा.

प्रश्न : आमच्या गावात सगळे बोअरचं पाणी पितो. बाबा ५८ वर्षांचे आहेत, शेती करतात. पाठ ताठ झालीय, मान वळत नाही, सांधे दुखतात. तालुक्याला हाडांच्या तपासणीचं शिबिर होतं तिथे "हाडं दगडासारखी आहेत, घनता तरुणांपेक्षा जास्त, काळजीच नको" असं सांगितलं. मग दुखतं कशाने? (यवतमाळ जिल्ह्यातून)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी तुमच्याच जिल्ह्यात होते. पांढरकवड्याच्या बाजूची माणसं यायची, चाळिशी-पन्नाशीतली, मागून हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघणारी. एक्स-रे दिव्यावर लावला की मणके खडूसारखे पांढरेफेक, कडांना काटे फुटलेले, हाताच्या दोन हाडांमधला पडदासुद्धा खनिज बसून दिसायला लागलेला. आधी मी संधिवात समजायचे. माझ्या वरिष्ठांनी रुग्णाला पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" तो प्रश्न मी पुढे आयुष्यभर विचारत आले.

बाबांना अस्थी-फ्लोरोसिस असण्याची शक्यता पक्की तपासून घ्या. पाण्यातला फ्लोराइड वर्षानुवर्षं हाडांत साठत जातो. आपल्या देशात हा आजार प्रथम १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातून नोंदवला गेला. तेलंगणातल्या नळगोंडा जिल्ह्याचं नाव तर त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या भूजलात तो जास्त सापडतो. तिथल्या खडकांतून मुरणारं पाणी तो सोबत घेऊन येतं, आणि बोअर जेवढी खोल तेवढा तो बरेचदा जास्त.

घनता जास्त म्हणजे हाड चांगलं, हा समज किती फसवा आहे ते फ्लोराइडनेच जगाला शिकवलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी मणके चेपलेल्या २०२ बायका निवडल्या. सगळ्यांना कॅल्शियम, आणि अर्ध्या जणींना त्यासोबत रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, सलग चार वर्षं. १९९० साली निकाल आला. फ्लोराइडवाल्यांच्या कमरेची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती. आजच्या चांगल्या औषधांनाही इतकी वाढ सहसा साधत नाही. पण मणके चेपायचे ते चेपतच राहिले, आणि मणक्यांखेरीज इतर हाडांची फ्रॅक्चरं दुसऱ्या गटाच्या सुमारे तिप्पट झाली. फ्लोराइड खनिजाच्या स्फटिकात शिरून बसतो, स्फटिकांची ठेवण बिघडते, नवं हाड ओबडधोबड आणि अर्धवट पक्कं तयार होतं. भर पुष्कळ, पण जोड कच्चे. त्या प्रयोगानंतर नव्या औषधाला "घनता वाढवतं" एवढ्यावर कुणी पास करेना, फ्रॅक्चर कमी झाली का ते दाखवा असं विचारलं जाऊ लागलं. ज्या पदार्थाने आपल्या खेड्यांतल्या माणसांच्या पाठी बांबूसारख्या ताठ केल्या, त्याच पदार्थाने संशोधकांना हे शिकवावं, याचं मला अजून वाईट वाटतं. कारण शिबिरात आजही तुमच्या बाबांना "काळजी नको" म्हणतात.

घरी तीन गोष्टी करून बघा. गुडघे न वाकवता पायाची बोटं धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, दोन्ही हात डोक्यामागे नेता येतात का. घरातल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे आहेत का ते पाहा. मग बाबांचा कमरेचा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा एक्स-रे आणि लघवीतल्या फ्लोराइडची तपासणी करून घ्या. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही शेवटची हद्द. पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्यामुळे फ्लोराइड घट्ट होतो. तुरटी आणि चुना घालून तो खाली बसवायची पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली, नळगोंडा पद्धत म्हणतात तिला. पण ती गावपातळीवर कुणीतरी रोज जबाबदारीने राबवली तरच चालते. पावसाचं साठवलेलं पाणी, किंवा तपासून चांगली निघालेली उथळ विहीर, पिण्यापुरती जरी वेगळी ठेवलीत तरी पुष्कळ. ताठ झालेली पाठ पूर्ववत होत नाही, ते मी लपवत नाही. पाणी बदललं की पुढची भर थांबते, दुखणं बऱ्याच जणांना कमी होतं, आणि घरातली मुलं वाचतात. जेवणात दूध, ताक, नाचणी, लिंबू, आवळा भरपूर असू द्या. कॅल्शियम कमी असलेल्या शरीराला फ्लोराइड जास्त छळतो.

प्रश्न : वडील ७१, पंचवीस वर्षांपासून मधुमेह. तीन महिन्यांची साखर ९ च्या वर. घरातच पडून खुबा मोडला. ऑपरेशननंतर डेक्सा केली तर टी स्कोअर अधिक ०.४! सर्जन म्हणाले, नशीब. (ठाणे)

उत्तर : यात नशिबापेक्षा साखर जास्त आहे. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी काय मोजते? रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते. तीच साखर हाडातल्या कोलॅजनच्या धाग्यांनाही चिकटते आणि त्यांना एकमेकांना नको तसं जखडते. लाल पेशी तीन-चार महिन्यांत मरते, तिच्याबरोबर तिची साखरही जाते. हाडातला धागा वर्षानुवर्षं तिथेच असतो. अशा धाग्यांचं हाड ताणलं की न लवता तडकतं. त्यात मधुमेहात हाडाची डागडुजीही मंदावते. खनिज मात्र भरपूर असतं, म्हणून टाइप २ मधुमेहात डेक्सा चांगली येते आणि फ्रॅक्चर तरी जास्त होतात. फ्रॅक्सही या रुग्णांचा धोका कमी दाखवतं. त्यात मधुमेहाचा रकाना नाही, म्हणून काही डॉक्टर त्याऐवजी संधिवाताच्या रकान्यात खूण करतात.

आता दुसऱ्या खुब्याची काळजी घ्यायची आहे. खुबा मोडला म्हणजे हाडांचं औषध हवंच, टी स्कोअर काहीही असो. हे मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही विचारा, त्याने विशेषतः बायकांत हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं. आणि ते कशामुळे पडले, हे शोधा. रात्री साखर उतरली होती का, पायांना बधिरपणा आहे का, डोळे तपासलेत का, लघवीला उठताना दिवा होता का.

प्रश्न : सासूबाई गेली नऊ वर्षं हाडांसाठी आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी नियमित घेतात. दोन महिन्यांपासून उजवी मांडी ठणकते, चालताना जास्त. वात म्हणून तेल लावतो. कुणीतरी सांगितलं या गोळीनेच हाडं मोडतात. बंद करू का? (मडगाव)

उत्तर : हे वाचाल त्याच दिवशी दाखवा. दोन्ही मांड्यांचा खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण एक्स-रे, दुखत नसलेल्या मांडीचासुद्धा. तोवर त्या पायावर भार कमी, काठी किंवा वॉकर, आणि या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आपल्या हाडांत रोजच्या वापराने बारीक भेगा पडतात. हाड खाणारी पेशी भेगाळलेला भाग खरवडते, मागून दुसरी पेशी नवं भरते. वर्षाला सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा असा नवा होतो. ही गोळी खाणाऱ्या पेशीला आवरते. त्यामुळे जाळी वाचते, आणि तो फायदा मोठा आहे: १९९६ सालच्या मोठ्या चाचणीत, आधी मणका चेपलेल्या बायकांमध्ये, नवी मणक्यांची आणि खुब्याची फ्रॅक्चरं जवळपास निम्मी झाली. पण फार वर्षं आवरून धरलं तर भेगा बुजायच्या राहून जातात. २००५ च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की काही रुग्णांची मांडी फारसं न पडताही, मधोमध, खडू मोडावा तशी आडवी मोडते, आणि त्याआधी कित्येक आठवडे ती ठणकत असते. एक्स-रेत हाडाच्या बाहेरच्या कडेला चोचीसारखा उंचवटा दिसतो. वेळेत दिसला तर सळई घालून मोडणं टाळता येतं.

हे क्वचित घडतं. म्हणून इतर वाचकांनी हे वाचून गोळी टाकून देऊ नये, पाच वर्षं झाली की डॉक्टरांकडे जाऊन "आता थांबायचं का, किती काळ?" हे विचारावं. या गोळीला थांबता येतं कारण औषध हाडात राहून पुढेही काम करतं. सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शनचं तसं नाही. ते मध्येच सोडलं तर आवरलेल्या पेशी एकदम उसळतात आणि काही जणांचे एकापाठोपाठ मणके चेपतात. त्याची तारीख चुकवू नका, आणि बंद करायचंच असेल तर त्यामागून दुसरं औषध ठरवून मगच.

प्रश्न : पायाचं सूप प्यायल्याने हाडं भरतात का? (सोलापूर)

उत्तर : चवीसाठी खुशाल प्या. उकळून हाडातलं कॅल्शियम फारसं उतरत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, तिळात त्याच्या कितीतरी पट. मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००.

प्रश्न : मी दहावीत आहे. आजीची पाठ खूप वाकली आहे. आईचीही वाकेल असं सगळे म्हणतात. माझीपण वाकेल का? (सावंतवाडी)

उत्तर : बाळा, हाडांचा मोठा हिस्सा घराण्याकडून येतो हे खरं. पण घराण्यांनीच आम्हाला औषधंही शोधून दिली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या काही डच वंशाच्या कुटुंबांत एक दुर्मीळ आजार आहे. त्यांची हाडं इतकी जाड होतात की चेहऱ्याची आणि कानाची नस दाबली जाते. त्यांना त्याचा खूप त्रास होतो, पण त्यांची हाडं सहसा मोडत नाहीत. २००१ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. हाड बांधणाऱ्या पेशींना "पुरे" असं सांगणारं स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन त्यांच्यात नसतं. मग त्या प्रथिनाला अडवणारं रोमोसोझुमॅब हे औषध तयार झालं आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आजीच्या वेळी हे काहीच नव्हतं.

तुझ्या हातात तर आणखी पुष्कळ आहे. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा स्पष्टपणे जाड होतं, आणि पाळी येण्याआधी किंवा त्या सुमाराला खेळायला लागलेल्या मुलींत हा फरक सगळ्यात मोठा दिसला. हाडाला उडी आणि धक्का लागतो. दहावी आहे म्हणून खो-खो बंद करू नकोस. रोज दहा मिनिटं दोरीच्या उड्या मार, उन्हात खेळ, नाचणीची भाकरी खा, आणि बारीक होण्यासाठी जेवण तोडू नकोस. त्याने पाळी थांबली तर हाड तिथूनच झिजायला लागतं.

आज संध्याकाळी आणखी एक कर. आजीला आणि आईला भिंतीला टाच टेकवून उभं कर, डोक्यावर पट्टी ठेव, पेन्सिलने रेघ मार आणि शेजारी तारीख लिही. पुढच्या वर्षी त्याच जागी परत मोज आणि आजीची रेघ खाली आली असेल तर आईला सांग.